अर्धा भार

फलटणच्या पलीकडच्या माळावर धनगरांचा एक वाडा होता. दिवाळी झाली, माळावरचं गवत सरलं, की वाडा कोकणात उतरायचा. लोणंद, शिरवळ, भोर, मग वरंधा घाट आणि खाली महाड. पुरुषमाणसं मेंढरं चारत आडवाटेनं जायची. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून सरळ रस्त्यानं मुक्काम गाठायच्या. ज्यांना चालता येत नाही ते सगळे घोड्यावर. कालपरवा जन्मलेली कोकरं, कोंबड्या, तान्ही पोरं. बाकीच्यांनी चालायचं, असा वाड्याचा साधा कायदा होता.

त्या वर्षी निघायच्या आदल्या रात्री एका बिऱ्हाडात भांडण झालं. त्यांचा कुत्रा मोत्या बारा वर्षांचा झाला होता. मेंढरं चोरायला आलेल्या लांडग्याला त्यानं दोनदा पिटाळलं होतं, हे वाड्यात सगळ्यांना ठाऊक. पण आता त्याला उठतानाच त्रास व्हायचा. पुढचे पाय आधी रोवायचा, छाती उचलायचा आणि मागचा भाग वर आणायला दोन-तीन हिसके द्यायचा. उठला की लगेच चालत नसे. मागचे पाय जवळ घेऊन, पाठ वाकवून उभा राहायचा. थंडीच्या सकाळी तर कोणी हाक मारली तरी नुसती शेपटी हलवून पडून राही. चार पावलं पडली की जरा मोकळा व्हायचा. रात्री मेंढरं कोंडायच्या जाळीवरून उडी मारणं त्यानं उन्हाळ्यातच सोडलं होतं, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

थोरला म्हणाला, "हितंच ठेवू. शेजारी भाकरी टाकत्याल. घाटात त्येचे हाल हुतील."

धाकटा उसळला. "त्येनं आपली मेंढरं राखली, आन आता त्येला टाकून जायचं? म्या न्हाई जायचा."

बोधकथेतला थोरला भाऊ बहुधा दुष्ट असतो. हा तसा नव्हता. घाटात ट्रकच्या रांगा असतात, मेंढरं बिथरतात आणि मागे राहिलेल्या जनावरासाठी वाडा थांबत नाही, हे त्यानं पाहिलेलं होतं. त्याला मोत्याचं वाईट बघवत नव्हतं, म्हणून तो मोत्या नजरेआड व्हावा असं म्हणत होता. असं वागणारी माणसं आपल्या ओळखीत पुष्कळ असतात आणि आपण त्यांना दुष्ट म्हणत नाही.

आबांनी दोघांचं ऐकून घेतलं. म्हणाले, "धाकट्याची हौस हाय तर घेऊ दे." हौस म्हणाले, कारण धाकट्याचं त्यांना पुरतं पटलं नव्हतं, पण का पटलं नाही, ते त्यांना तेव्हा सांगता आलं नाही.

धाकट्यानं मोत्याला घोड्यावर बसवलं. घोंगड्याची घडी, तिच्यावर पोतं आणि पोत्यावर मोत्या. एका बाजूला कोंबड्यांची खुराडी, दुसऱ्या बाजूला कोकरू. रस्त्यानं जाणारे येणारे हसायचे, मोबाईलवर फोटो काढायचे. धाकट्याला त्याचा अभिमान वाटे. मुक्कामाला पोचलं की तो मोत्याला कडेवर घेऊन उतरवी, शेळीच्या दुधात भाकरी कुस्करून घाली, कधी तूप लावी. मोत्यानं उठायची धडपड केली की "पड रं, पड," म्हणून त्याला खाली दाबी. पाण्याचं भांडंही तोंडाजवळ नेऊन धरी. लघवीला न्यायचं तरी उचलूनच.

लोणंदला पोचेपर्यंत मोत्याचं पोट सुटलं होतं. आजीनं एका संध्याकाळी त्याच्या मांडीवर हात फिरवला आणि तिथंच थांबली. पुढची मांडी घट्ट लागत होती. मागच्या मांडीला हाडाभोवती नुसती कातडी. नखं वाढून आत वळली होती, कारण ती जमिनीवर घासतच नव्हती.

"तुला बसवलं घोड्यावर आन ह्येचे पाय गेले," ती धाकट्याला म्हणाली. वाक्य उलटं पडलं होतं, तरी कोणी सुधारलं नाही.

धाकट्याला राग आला. ज्यानं जीव लावला त्यालाच बोल लागला की येतो तसा.

थोरल्याचा गुडघा दुखायचा. लोणंदच्या बाजारात त्यानं औषधाच्या दुकानातून स्वतःसाठी डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांची पट्टी घेतली आणि रात्री अर्धी गोळी मोडून म्हणाला, "ह्येलाबी देऊ. दुखनं ते दुखनंच." आबांनी त्याचा हात धरला. "शिरवळात जनावरांचं कालिज हाय. एडक्याचा पाय दावायचाच हाय. थांब उद्यापतुर."

शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी एडक्याचं खूर साफ केलं, मग मोत्याकडे वळल्या. त्यांनी त्याला टेबलावर घेतलं नाही, अंगणात सोडलं आणि चालताना पाहिलं. मग खाली बसून मागच्या पायाचा पंजा उलटा करून जमिनीला टेकवला. मोत्यानं क्षणभर विचार केल्यागत मान वळवली आणि पंजा सरळ करून ठेवला. दुसऱ्या पायाचंही तसंच झालं.

"हे चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पंजा उलटा पडलाय हे त्याला कळतं. म्हणजे मणक्यातली वायर शाबूत दिसते. दुखणं सांध्यांत आहे." मग त्यांनी एक एक सांधा हळूच वाकवला, ताणला. मागचा पाय मागे ताणला तसं मोत्यानं तोंड फिरवून त्यांच्या मनगटाला नुसते दात लावले, चावला नाही. "कळलं रे बाबा," त्या म्हणाल्या.

थोरल्यानं खिशातली पट्टी काढून दाखवली. बाईंनी ती हातात घेतली आणि परत दिली ती थोरल्याच्या हातात, पण बोट उगारून. "ही तुमची. याला कधी नाही. माणसाच्या या गोळ्या कुत्र्याच्या पोटात जखमा करतात, मूत्रपिंड निकामी करतात. आणि दादा, तुम्ही कोकणात जाता ना? तिथं पूर्वी गिधाडं असायची, आठवतात?"

आबांना आठवत होती. मेलेलं ढोर टाकलं की आभाळ भरून जायचं.

"ती याच औषधानं गेली. गुरांना हे टोचायचे, गुरं मेली की गिधाडं खायची, आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००६ साली सरकारनं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. त्याच्या जागी मेलोक्सिकॅम आलं, ते गिधाडांना सोसतं. तेच मी याला देणार आहे. पण आधी रक्त तपासून, वजनाच्या मापानं आणि पोटात अन्न गेल्यावरच. उलटी झाली, शेण काळं पडलं, खाणं सुटलं तर लगेच बंद करायचं."

(कुत्र्याच्या विष्ठेला शेण म्हणणं बरोबर नाही हे बाईंना ठाऊक होतं. समोरचा माणूस कोणत्या जनावराचा आहे ते पाहून त्या बोलत होत्या.)

मोत्याचं वजन भरलं एकतीस किलो. बाई म्हणाल्या, सव्वीसच्या वर असता कामा नये.

"आमी त्येला चालूच देत न्हाई आता, म्हंजी पायावर जोर नको," धाकटा घाईनं म्हणाला. त्याला शाबासकी हवी होती.

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "बैलगाडी पाहिलीत? ती दोन महिने झाडाखाली उभी ठेवली तर आखातलं वंगण घट्ट होतं. चाक फिरत राहिलं तरच ते पसरतं. सांध्यातही वंगण असतं. जुना सांधा झिजतो, हाडाच्या टोकावरची मऊ कूर्चा विरते, ती काही परत येत नाही. पण सांध्याला धरून ठेवतो तो आजूबाजूचा स्नायू. स्नायू चालण्यानंच टिकतो. तुम्ही पंधरा दिवस याला उचललंत, तेवढ्यात मांडी वाळली. आता सांध्याला धरायला कोणीच नाही, म्हणून जास्त दुखतं. जास्त दुखतं म्हणून तुम्ही जास्त उचलता."

धाकट्याचं तोंड उतरलं.

"मग चालवायचं?" थोरला म्हणाला. त्याला वाटलं, आपलं बरोबर निघालं.

"लांब चालवलंत तरी बिघडेल. कुत्र्याचं साठ टक्के वजन तसंही पुढच्या पायांवर असतं. मागचे दुखायला लागले की तो आणखी पुढे झुकतो आणि मग पुढचेही जातात." बाई उभ्या राहिल्या. "तुम्ही दोघंही एकच चूक करताय. तुम्ही सगळा भार त्याच्यावर टाकताय, हे सगळा भार स्वतःवर घेताहेत. अर्धा तुमचा, अर्धा त्याचा. एवढंच आहे हे."

बाकीचं त्यांनी हातानं करून दाखवलं. पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे एक रुंद फडकं घ्यायचं, दोन्ही टोकं वर एका हातात धरायची आणि त्याच्या चालीनं चालायचं. फडकं रुंद हवं, दोरी नको, दोरी रुतते. कुत्रा नर असेल तर लघवीच्या जागेवर दाब यायला नको, एवढं बघायचं. दिवसातून एकदा लांब नेण्यापेक्षा चार वेळा थोडं थोडं न्यायचं. सकाळी उठवायच्या आधी गरम कापडानं शेकायचं, चटका बसणार नाही इतपतच, आणि मांडी चोळायची. निजायला कोरडं आणि जाड, पण पाय रुतेल असं मऊ नाही. नखं कापायची, बोटांमधले केस कापायचे, म्हणजे गुळगुळीत फरशीवर पंजा घसरत नाही. दूध-तूप बंद.

"भाकरीबी कमी?" आजीनं विचारलं.

"भाकरीही कमी, मावशी."

अन्न कमी करणं हे आपल्याकडे प्रेमात बसत नाही. म्हाताऱ्याच्या ताटात जास्त वाढतो तो चांगला, असा आपला हिशेब. अमेरिकेत लॅब्राडॉरच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न देत त्यांना जन्मभर सांभाळलं होतं. २००२ साली त्याचा निकाल छापून आला. भरपूर खाणारी साधारण ११ वर्षं जगली, कमी खाणारी १३, आणि सांधे धरले तेही कमी खाणाऱ्यांचे बरेच उशिरा. आजीला हे कोणी सांगितलं नाही. तिनं बाईंच्या तोंडाकडे पाहून ठरवलं की ही खोटं बोलत नाही.

आता फडकं कुठून आणायचं? पोतं टोचत होतं. लुगडं जुनं होतं, ते ओझ्यानं फाटलं. घोंगडं जाड, हातात धरता येईना. त्या संध्याकाळी आबांनी डोक्यावरचं लाल पागोटं उतरवलं, उलगडलं, चौपदरी घडी घातली आणि मोत्याच्या पोटाखाली सरकवली.

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आबा! डोईचं पागोटं कुत्र्याच्या पोटाखाली?"

"जेजुरीत देवाशेजारी कुत्रं हाय का न्हाई?" आबा म्हणाले. "आन ऊन लागलं तर घोंगडं घीन डोईवर. तू तुजं बघ."

भोरच्या पुढे रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेनं जातो. बाईंनी सांगितलं होतं, पाणी मिळालं तर पोटापर्यंतच्या पाण्यात चालवा, पाणी त्याचं वजन उचलतं आणि पाय मात्र त्यालाच हलवावे लागतात. पण ऊन असताना, आणि नंतर कोरडं करून. दुपारी बायकांचा मुक्काम पडला की धाकटा मोत्याला उताराच्या कडेनं पाण्यात घेऊन जाई. पहिल्या दिवशी मोत्यानं पाय टाकायलाच नकार दिला. दुसऱ्या दिवशी पाण्यात एक बदक दिसलं आणि तो गेला. पाण्यात त्याचे मागचे पाय सरळ पडत होते, घोट्याशी वाकत होते, जमिनीवर ते तसे वाकत नसत. बाहेर आला की धाकटा त्याला घोंगड्यानं खसाखसा पुसे आणि उन्हात बसवी. लोकर कातरायच्या कातरीनं बोटांमधले केस कापले, खुरं छाटायच्या कात्रीनं नखं. नखाच्या आतली लाल नस जपायची, ते मात्र आजीनं स्वतः केलं, कारण धाकट्याचा हात थरथरायचा.

धाकट्याला सगळ्यात जड काय गेलं असेल, तर मोत्या उठायची धडपड करत असताना हात मागे ठेवून थांबणं. पहिला हिसका. दुसरा. दर वेळी त्याचा हात पुढे जाई आणि आजी तो हात धरून ठेवी. तिसऱ्या हिसक्याला जमलं नाही, तरच ती म्हणे, "आता घाल हात. पर शेपटाखाली नुसता टेकव."

वरंधा घाटाच्या दिवशी मेंढरं आणि घोडी एकत्रच उतरायची होती. धाकटा मेंढरांच्या तोंडाशी. आजीचा गुडघा आखडलेला. घोड्यावर मोत्याला थोडा वेळ बसवायचं ठरलं होतं, चढ-उताराच्या वाईट जागी, बाकी चालवायचं. पागोटं धरायला उरला थोरला.

त्यानं ते घाईघाईनं धरलं आणि वर ओढलं. मोत्याचे मागचे पाय भुईवरून उचलले गेले. तो पुढच्या दोन पायांवर भेलकांडला, मागचे हवेत चालत राहिले. मागून येणाऱ्या ट्रकनं भोंगा वाजवला. थोरल्यानं आणखी ओढलं. मोत्या थांबला, मान वळवून त्याच्याकडे बघू लागला.

"पाय भुईला लागू देत की," पाठीमागून आजी म्हणाली.

थोरल्यानं हात सैल सोडला, तर पागोटं लोंबकळलं आणि मोत्याचा मागचा भाग खाली बसला. पुन्हा थोडं घेतलं. यात एक मेख आहे, आणि ती सांगून कळत नाही. फडकं इतकं ताणायचं की कुत्र्याचं वजन आपल्या मनगटाला लागलं पाहिजे, पण त्याचा पंजा जमिनीला दाबतोय हेही त्याच फडक्यातून कळलं पाहिजे. एका वळणापर्यंत थोरल्याला ते साधलं नाही. दुसऱ्या वळणावर त्याला मनगटात दर पावलाचा हलका धक्का जाणवायला लागला. डावा, उजवा, डावा. उजवा कमी होता. त्या बाजूनं त्यानं थोडं जास्त उचललं. मोत्याची चाल सुधारली.

मग तो ट्रकला हात करून बाजूनं जायला सांगू लागला.

घाट उतरेपर्यंत त्याच्या खांद्याला रग लागली होती. खाली पोचल्यावर धाकट्यानं पागोटं घ्यायला हात पुढे केला. थोरला म्हणाला, "तुला न्हाई येत. तू उचलतूस."

मोत्या बरा झाला नाही. म्हातारपण उतरवायचं औषध शिरवळलाच काय, कुठंच नव्हतं. महाडकडच्या शेतात मेंढरं बसवली, शेतकऱ्यानं खताच्या मोबदल्यात भात दिला आणि मोत्या आपला रात्री मेंढरांच्या कडेनं एक फेरी मारी. अर्धी स्वतःच्या पायांनी, अर्धी पागोट्यावर. लांडगा आला असता तर त्याच्या हातून काही झालं नसतं. त्यासाठी वाड्यात आता दोन तरणी कुत्री होती. पण फेरी पुरी झाल्याखेरीज तो निजत नसे, आणि सोबतीला कोणीतरी लागे. बहुतेक थोरलाच जाई. वजन हळूहळू उतरलं. मागच्या मांडीला हात लावला तर थोडं काही हाताला लागायचं. थंडीचे काही दिवस वाईट गेले, गोळी वाढवायची की नाही हे आजीनं शिरवळला फोन करून विचारलं, बाईंनी वाढवू दिली नाही.

वैशाखात माघारी जायचा विचार निघाला. कोकणातला पाऊस मेंढरांना सोसत नाही, त्यामुळे मिरगाच्या आत घाट चढायचा, हे ठरलेलं. तरी दर वर्षी शेवटच्या गवतासाठी वाडा रेंगाळायचाच. सगळी बिऱ्हाडं बसली तेव्हा थोरला म्हणाला, "औंदा आठ दिस आधी निघू. मुक्काम बारकं पाडू."

"कशापायी?" दुसऱ्या बिऱ्हाडाचा कारभारी म्हणाला. "चारा हाय की अजून."

"वल्ल्यात खुरं सडत्यात मेंढरांची."

"ती काय औंदाच सडत्यात?"

कोणीतरी हसलं. आबा डोक्यावर घोंगडं घेऊन बसले होते. ते म्हणाले, "खुरं कुनाची त्ये सांग की सरळ."

थोरला काही बोलला नाही. कारभाऱ्यानं थोडा वेळ कुरकुर केली, मग त्याच्याच बायकोनं विचारलं की आठ दिवस आधी निघायचं तर घाटमाथ्यावर पाण्याजवळचा मुक्काम कुठला धरायचा. ते बघून यायचं काम थोरल्याच्या गळ्यात पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला आणि जाता जाता महाडच्या बाजारातून आबांसाठी नवं पागोटं आणायचं त्यानं कबूल केलं.